खाडा

साडेचारला जाग आलीच.
शरीराला कुणी सांगितलंच नव्हतं
की आज खाडा आहे.
मांड्या आपल्या आपण ताठल्या,
बधिर बोटं ब्रेक शोधू लागली.
तंबूबाहेर बागेतल्या फवाऱ्याची
चक् चक् चक्.
नेस सिटी, कॅन्सस. गुरुवार.
आजचं अंतर : शून्य.

सगळे कपडे एकदम धुवायला टाकले
म्हणून आम्ही चौघं
कोरड्या ठणठणीत उन्हात
पावसाळी जाकिटं घालून
लाँड्रीच्या बाकावर. आत काही नाही.
नाण्यांची पिशवी विबेकडे,
हॉलंडचा निवृत्त पोस्टमन,
एकेक नाणं फटीत असं सोडतो
जसं कुणाचं टपाल.
एक म्हातारी डांगरीचा गठ्ठा घेऊन आली,
आमच्याकडे बघून थबकली,
आणि फार आशेनं म्हणाली,
"कुठे लागला तुम्हाला पाऊस?"

व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून
चौतीस दिवस मी ओर्लाच्या मागे आहे.
तिची पाठ मला पाठ आहे.
पायडलागणिक डावा खांदा पडतो,
रडताना मान सरळ होते.
(दोनदा रडली. विचारलं नाही.
पाठीला काय विचारणार?)
डेलबर्टच्या शर्टावर घामाचं मीठ
दुपारी दोनपर्यंत जिल्हे, तालुके आखतं.
माझी पाठ विबेला ठाऊक.
मला ती कधी दिसायची नाही.

आणि आज डायनरच्या टेबलाशी
एकदम चार चेहरे, समोरासमोर.
ओर्लाचे डोळे घारे आहेत, हे आज कळलं.
विबेच्या ओठावर जुना टाका.
काय बोलायचं, कुणाला सुचेना.
रस्त्यावर आमची सगळी भाषा म्हणजे
"खड्डा!" "कुत्रा, उजवीकडे!" "मागून ट्रक!"
बटाटे आले, अंडी आली,
केचपची बाटली इकडून तिकडे गेली,
वेट्रेस कॉफी घेऊन वळली तशी
डेलबर्ट ओरडलाच,
"मागून ट्रक!"
ती आधी हसली. मग आम्ही.

मिरजेहून ताईचा फोन.
"आज कुठं पोचलीस?"
"कालच्याच गावात."
"मग दिवसभर केलंस काय?"
"कपडे धुतले."
"ते इथंही होत होतं की गं."

दुपारी धान्याच्या कोठाराची सावली
बागेपर्यंत आली तेव्हा
सायकली उलट्या करून बसलो,
रॉकेल, चिंध्या, म्हातारे टूथब्रश.
ओर्ला माझ्याकडे पाठ करून साखळी घासत होती
आणि अशी पाठमोरी झाल्यावरच
तिला बोलता आलं.

सायकल नवऱ्याची. आधीच्या.
उसनी आणलीय.
जशी नेली तशी परत द्यायची, ही अट.
म्हणून सीट खाली केली नाही,
दीड सेंटिमीटर उंच पडते तिला.
अठराशे मैल.

माझ्या हातात पान्हा तसाच.
मोठं काही सुचलं नाही.
म्हटलं, खूण करू या की.
पोचलो समुद्रावर की परत वर.
ती खूप वेळ दात घासावेत तशी
एकच कडी घासत राहिली.
विबेनं, न विचारताच,
खिशातलं जाड पेन पुढे केलं,
तीस वर्षं पार्सलांवर चालवलेलं,
आणि दांड्यावर एक काळी रेघ ओढली,
पत्त्याखाली ओढतात तशी.

पहाटे निघालो. वारा थेट तोंडावर.
मोजे अजून जरा ओलसर,
त्यातला एक नक्की डेलबर्टचा.
ओर्ला पुढे, मी मागे, नेहमीसारखं.
पण खांदा पडेना.
दहा मैल मला सारखं वाटत राहिलं
की आपण चुकून
भलत्याच बाईच्या मागे लागलोय.