चिंचेचा बर्फ

नारळाच्या दुधाचा डबा उघडला
की मला लागतं अर्धंच.
उरलेल्या अर्ध्याचं काय, हा प्रश्न
स्वान्सीला आल्यापासून
मी दर आठवड्याला नव्यानं सोडवते.

तसाच ठेवला फ्रीजमध्ये
तर पाचव्या दिवशी त्यावर निळसर लव.
मग झाकण उचलून वास घ्यायचा,
एकमेकांकडे बघायचं,
आणि ज्याच्या मनाला जास्त लागेल
त्यानं उठून सिंकमध्ये ओतायचं,
नळ मोठा सोडून.

म्हणून बर्फाचे ट्रे. चार.
एकात नारळाचं दूध,
एकात टोमॅटोचा रस, आटवलेला,
एकात आलं-लसूण (दोन पिशव्यांत बांधूनही
व्हॅनिला आइस्क्रीमला लागायचा तो वास लागतोच),
आणि चौथ्यात चिंचेचा कोळ,
मार्चमधल्या भेळेचा, अंदाज चुकून दुप्पट झालेला,
त्यात गूळ, जिरं, थोडं काळं मीठ.

शिवाय कोथिंबिरीचे देठ,
पावाची टोकं,
सेंट हेलन्स रोडवरचा कढीपत्ता,
दीड पौंडाला पाकीट,
फोडणीत मोजून सात पानं, आठवं परत आत.
प्रत्येकावर पट्टी, पट्टीवर तारीख, माझ्या अक्षरात.
यशोधन म्हणतो,
हा फ्रीझर नाही, पोलीस ठाण्यातला मुद्देमाल आहे.
म्हणू दे.
कटाची आमटी तरी काय असते?
डाळ शिजवून उरलेलं पाणी.
सणाच्या पानात मात्र
पुरणपोळीच्या शेजारी मानानं बसते.

ऑगस्टात सोळा दिवस साताऱ्याला गेलो.
किल्ली शेजारच्या ग्लेनिसकडे.
तिनं एकतीस वर्षं बस चालवली,
मम्बल्सच्या रस्त्यावर.
खिडकीतल्या मिरच्यांना पाणी घाल म्हटलं,
आणि जाता जाता, उगाच, रीत म्हणून,
फ्रीझरमधलं काही लागलं तर घे.

परत आले तर चौथा ट्रे रिकामा.
धुऊन, पुसून, पालथा घातलेला.

ग्लेनिस कुंपणाशी आली
ती गुन्हा कबूल करायलाच.
तो तुझा तपकिरी बर्फ, म्हणाली,
मला वाटलं कॉफी असेल.
लनेथ्लीहून बहीण आली होती, मायर,
उकडत होतं, दुकानं बंद,
जिनमध्ये टाकले दोन दोन खडे.

मग?

मग काय, पहिल्या घोटाला
दोघींचे डोळे गच्च मिटले.
मायर म्हणाली, हे काय आहे?
मी म्हटलं, ठाऊक नाही, वर त्यांच्या भाषेत लिहिलंय.
मग म्हणाली, अजून आहे का?
शेवटचे तीन ती थर्मासात घालून घेऊन गेली गं.

आता तूच सांग, होतं काय ते?

चिंच सांगता आली, झाड सांगता आलं,
आंबट शेंगा, चिंचोके, सगळं.
पण कोळ?
कोळाला मला इंग्रजीत शब्दच सापडेना.
भिजवायचं, म्हटलं, आणि मग...
आणि कुंपणावरून रिकामी मूठ धरून
मी हवेतच पिळली,
बोटांच्या फटींतून काही गळत असल्यासारखी.

तिनं पाहिलं.
मग तिनंही हात पुढे केला,
स्टिअरिंगनं घट्टे पडलेला,
आणि पिळला.
असं?
थोडं जोरात, मी म्हटलं. चोथा राहिला पाहिजे मुठीत.

हल्ली शुक्रवारी ती दारात येते.
कधी अर्धा लीक, कधी बिटाची पानं,
एकदा उकडलेले नऊ बटाटे, बहिणीच्या जेवणातले.
याचं काय करतात तुमच्यात?
थालीपीठ, मी म्हणते, बहुतेक वेळा.
तिला ते म्हणता येत नाही,
खाता येतं.

पट्ट्यांवर आता इंग्रजीतही लिहिते.
आलं-लसणाच्या ट्रेवर तर
लाल शाईनं, दोनदा.