ळ कुणाचा

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर,
सायनच्या पालिका शाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
खानोलकर मॅडमनी फळ्यावर एक शब्द काढला.
गोल गोल. थरथरत्या हातानं
सोऱ्या दाबल्यासारखा.
म्हणाल्या, वाचा.

आम्ही बत्तीस बालवाडीताई.
कुणाची वीस वर्षं नोकरी, कुणाचे दोन महिने.
कुणालाच वाचता येईना.
"सोप्पं तर आहे. काल शिकवलं ना?"
काल शिकवलं नव्हतं.
"घरी कुणी अभ्यास घेत नाही वाटतं तुमचा."

आधी हसलो.
मग घोरपडेताई शेजारणीच्या वहीत डोकावायला लागल्या,
मोहसिना पेन्सिलीला टोक करत बसली, करतच बसली,
आणि मला, खरं सांगते,
करंगळी वर करून बाहेर पळावंसं वाटलं.
तसंच,
जसं गोष्टीचं पुस्तक उघडलं रे उघडलं
की माझ्या वर्गातल्या मौनिकाला वाटतं.

मौनिका गाजुला. वय पाच वर्षं दोन महिने.
दिवाळीनंतर महबूबनगरहून आलेली.
बाप नाक्यावर उभा राहतो, मिळेल त्या बिगारीला.
नोंदवहीत तिच्या नावापुढे माझंच अक्षर:
'बोलत नाही. समज कमी.'
नावाला शोभतं हो, असं मी मदतनीसबाईंना म्हटलं होतं.
आम्ही दोघी हसलो होतो.

मॅडमनी शब्दाखाली बोट धरलं.
नीळ्ळु.
तेलुगूत पाणी.
एवढंच होतं तिथे.
माझ्या पिशवीतल्या बाटलीत होतं, तेच.

मी मूळची देवगडकडची.
दुसरीत लालबागच्या शाळेत घातलं तेव्हा
बाईंना विचारलं, "माझी पाटी खंय?"
सबंध वर्ग बाकांवर हात आपटून हसला.
त्यानंतर दिवाळीपर्यंत
मी शाळेत फक्त 'हजर' म्हणत होते.
हे मी पस्तीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.
त्या दिवशी मोहसिनाला सांगितलं, चहाच्या रांगेत.
ती म्हणाली, "माझं 'क़लम' होतं."

सोमवारी संगमनगरात, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत,
तक्त्यावर ळ आला.
बिचाऱ्यानं एकही शब्द सुरू होत नाही,
म्हणून चित्रातल्या बाळाच्या
शेवटाला लोंबकळलेला.
सत्येंदर म्हणाला, बाल. शाला. फला.
एरवी मी त्याची हनुवटी धरून
दहादा म्हणून घेतलं असतं.
पण मी तांब्या मधोमध ठेवला. म्हटलं,
याच्यात आहे त्याला तुमच्या घरी काय म्हणतात?

पानी. पानी. पाणी.
सेल्वी म्हणाली, तण्णी.
कुणी म्हणालं, बिसलेरी.
मग बराच वेळ कुणीच नाही.
मला घाई झाली होती, पण मॅडम म्हणाल्या होत्या
मनात दहा मोजा.
मी सतरापर्यंत मोजले.

नीळ्ळु.

कपाटाआडून आला तो आवाज.
जीभ मागे दुमडून, टाळूला टेकवून
असा काही मोकळा सोडलेला ळ,
की एक नाही, दोन. एकाला एक चिकटून.
"ए, फिर से बोल," सत्येंदर म्हणाला.
तिनं पुन्हा म्हटलं. मग तोंड उघडून दाखवलं
जीभ कुठे जाते ते.
अकरा डोकी वाकली तिच्या तोंडावर,
विहिरीत काही पडल्यासारखी.
बारावं माझं.

"शाल्ळा," सत्येंदर म्हणाला.
एक ळ जास्त झाला.
राहू दिला.

दुपारी नोंदवही उघडली.
खाडाखोड चालत नाही तिच्यात,
पर्यवेक्षिकेला उत्तर द्यावं लागतं.
म्हणून जुनं तसंच ठेवून खाली लिहिलं:
'तेलुगू बोलते. मला येत नाही.'
शाई वाळायची होती,
तोवर मौनिकाची करंगळी वर.
खरंच लागली असेल.
जा, म्हटलं. ये लगेच.