तुडूम

बाबांची फाईल सुतळीनं बांधावी लागली
तेव्हाच कळायला हवं होतं.
चौदा महिने. पहाटेची नागपूरची एसटी,
अर्धा जबडा काढलेला, तीस वेळा शेक,
आणि परतीला मांडीवर, उलटीसाठी,
श्रीखंडाचा रिकामा डबा.

लहानपणी मीच ठेल्यावरून त्यांचा खर्रा आणायचे.
एका खर्ऱ्यामागे मला एक पेपरमिंट.
हे मी कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नाही.

शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाई
फिल्म उजेडाला न धरताच बोलल्या:
अजून एक औषध आहे, देऊ शकतो.
त्यानं दिवस वाढतील का, सांगता येत नाही.
ते दिवस इथेच जातील, एवढं सांगता येतं.

हेमकृष्ण बुटीबोरीहून आलेला, कंपनीच्याच शर्टात.
द्या म्हणाला. मी डोंगा विकतो.
उद्या लोक म्हणतील पोरानं हात टेकले.
मी म्हटलं, लोक एसटीत डबा धरायला येतात का?
वॉर्डाबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ,
भांडलो आम्ही, लहानपणी शिंगाड्यांवरून भांडायचो तसे.
आईनं एवढंच विचारलं,
"त्याले कोनी पुसलं का?"

बाबांना आता बोलता येत नव्हतं,
लिहिता तर कधीच आलं नाही.
मी रिपोर्टची कोरी पाठ पुढं धरली.
त्यांनी एक वाकडी रेघ ओढली. तलावाची पाळ.
मग पाणी, नुसत्या टिंबांचं.
मग अगदी खाली, पेन दाबून,
तुडूम. उघडं.

तुडूम उघडतात तेव्हा
तलाव हरला असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही.
पण कोणत्या दिवशी उघडायचं
यावर गावात दरसाल वाद.
आमचा उशीरच झाला होता.
चार खेपांनी तरी.

उईके सिस्टर दर मंगळवारी यायची,
स्कूटीच्या डिकीत तपकिरी बाटली, वही, कापूस.
दर चार तासांनी द्या, म्हणाली.
दुखायच्या आधी. दुखल्यावर नाही.
हेमकृष्णनं विचारलं, मॉर्फिनची सवय लागली तर?
"दुखन्याची लागली आहे ना त्यांले,
ते पाहा आधी, दादा."
त्या रात्री बाबा सलग झोपले
आणि आम्हीच दचकून उठत राहिलो
श्वास आहे का बघायला.

जखमेला वास यायचा.
भागरताकाकू दारातूनच विचारपूस करायची,
पदर नाकाला.
सिस्टरनं गोळी कुटून भुकटी लावायला शिकवलं.
आईनं त्यासाठी बाजारातून वेगळा खलबत्ता आणला.
चौथ्या दिवशी भागरताकाकू आत आली,
खाटेच्या पायथ्याशी बसली,
बाबांच्या टाचा चोळत
तलावाच्या लिलावाबद्दल बोलत राहिली.

सगळं शांत झालं असं नाही.
एका रात्री घशात घरघर सुरू झाली.
हेमकृष्णनं अँब्युलन्सचा नंबर लावला, कापला.
लावला, कापला.
मग सिस्टरला लावला.
कुशीवर वळवा, म्हणाली ती,
आणि फोन चालूच ठेवला,
आम्ही गप्प, तीही गप्प,
तिच्याकडे कुठंतरी कुत्रं भुंकत होतं.

एकेचाळीस दिवस.
त्यांत बाबांनी जाळ्याची सत्तावीस भोकं सांधली.
उरलेली हेमकृष्णला बोटानं दाखवली.
मरळीच्या रस्स्यात बोट बुडवून
आई त्यांच्या ओठाला लावायची,
ते डोळे मिटून चव धरून ठेवायचे,
कितीतरी वेळ.

गेले ते सकाळी, आई अंगण झाडत असताना.
सिस्टरनं बाटलीत उरलेलं औषध मोजलं,
वहीत लिहिलं, माझी सही घेतली,
बाटली परत नेली.
आईनं तिच्या डिकीत शिंगाडे घातले,
ती नको म्हणत असताना.

मोबाईलचा गजर काढायचा राहून गेलाय.
रात्री दोनला वाजतो.
आई उठते, अंधारात चमचा चाचपते,
मग पाणी पिऊन परत आडवी होते.
बंद करू का, मी विचारलं.
"राहू दे," म्हणाली,
"आनखी थोडे दिवस."