बोअरची वही

आमच्या ट्रकवर अजून लिहिलेलं आहे :
आर्वो सालमेला आणि मुलगे. विहिरी, पंप, दुरुस्ती.
मुलगे दोन. रुडी नेव्हीत गेला,
वेन फ्लोरिडात घरं विकतो.
रिगवर राहिले मी, ऐली.
पाटी बदलू का, एकदा विचारलं,
तर म्हणाला, रंग अजून चांगला आहे.

लेक सुपिरियरच्या या काठाला जमिनीचा भरवसा नाही.
इथं चाळीस फुटांवर गोड पाणी
आणि कुंपणापलीकडे तीनशे फूट नुसता काळा दगड,
फार तर लोखंडाच्या वासाचं ओंजळभर खारं.
बिट लावण्याआधी बाप टोपी काढायचा.
ओठ हलायचे. गिऱ्हाईक घड्याळ बघायचं.
कोरड्या बोअरचं बिल लावायचं नाही, हा त्याचा नियम.
त्या नियमापायी दोन हिवाळे आम्ही
हरणाचं मटण आणि बटाटे खाल्ले,
मग बटाटे आणि हरणाचं मटण.
आई म्हणायची,
दगड देवानं केला, तर रिगचा हप्ता आपण का भरायचा?

सगळ्यात कोरडी जागा निघाली चर्चची.
तीनदा बोअर घेतला त्यानं : उत्तरेला, पूर्वेला,
शेवटी पाद्रीबुवांच्या कोबीच्या वाफ्यात.
धूळ.
आणि रस्त्यापलीकडे, हिल्माच्या गुत्त्यात,
त्याच वर्षी, त्याच रिगनं, अडतीस फुटांवर
असं पाणी लागलं की पाइपातून आपणहून वर आलं.
दारूच्या थेंबाला न शिवलेला माझा बाप
पुढची एकवीस वर्षं दर शनिवारी,
सौनातून निघून, ओल्या केसांनी,
दोन कॅन घेऊन गुत्त्याच्या मागच्या दारात उभा राहायचा.
आम्हा सगळ्यांचा बाप्तिस्मा त्या पाण्यानं झाला.
हिल्मा कधी चर्चला आली नाही.
म्हणायची, माझं पाणी जातं की.

पंधरा नोव्हेंबरला हरणांचा मोसम उघडतो.
कधी कधी तो रविवारी येतो.
त्या रविवारी बाकांवर बायका, पोरं
आणि एकटा माझा बाप.
बाहेर बर्फात लांबवर बार व्हायचा,
आणि तो, स्तोत्रांचं पुस्तक न मिटता,
पुटपुटायचा : ओढ्याजवळ.
मग : चुकला.

नऊ वर्षांची होते तेव्हा मला नेलं दलदलीत.
पाच तास, शब्द नाही.
मग दहा टोकांचा नर आला,
इतका जवळ की नाकपुडीतली वाफ दिसली.
बापानं बंदूक उचलली नाही.
राईची भाकरी मोडून निम्मी मला दिली
आणि म्हणाला, वारा फिरलाय.

वही एकच. पुठ्ठ्याची, ग्रीसचे अंगठे उमटलेली.
बोअर, मासे, हरणं, सगळं एका रांगेत :
लेहतोंकडे. वाळू अकरा, चिकणमाती चाळीस, पाणी बासष्ट.
ऑटर तळं. बर्फ चौदा इंच. मासे तीन.
आज प्रार्थना जमली नाही.
ही शेवटची ओळ सतरा ठिकाणी आहे.
तारखा लावून पाहिल्या,
कोरड्या बोअरांशी, आईच्या आजारपणाशी.
कशाशीच जुळत नाहीत.

जानेवारीत गेला. जमीन चार फूट गोठलेली.
इथल्या रिवाजानं पेटी मेपर्यंत थांबते
कब्रस्तानाच्या दगडी खोलीत.
रुडी फोनवर म्हणाला, तुझ्याकडे रिग आहे ना?
आहे.
पण बाप दगडाशी भांडायचा, थंडीशी नाही.

मेमध्ये खड्डा मी फावड्यानं खणला.
वेन दहा मिनिटांत कंबर धरून बसला,
फ्लोरिडाचे बूट चिखलात.
रात्री वही उघडली आणि त्याच्या ओळीखाली लिहिलं :
सहा फूट. वाळू तीन, पुढे तांबडी चिकणमाती.
पाणी लागलं नाही.
बिल नाही.