आरपार

नाना पेठेतलं दुमजली घर, सगळं सागवान.
खांब तळखड्यावर नुसते टेकलेले,
इतकी वर्षं आपापल्या वजनावर उभे.
इंजिनिअर बाई म्हणाल्या, लाकूड उत्तम आहे,
एकमेकांना धरून नाहीये, एवढंच.
जमीन हलली की ज्याचा तो निघेल.

मधल्या भिंतीच्या अलीकडे काची, भाडेकरू.
पलीकडे पोंक्षे, मालक.
एकोणीस वर्षांचा दावा.
तारखा पडतात, भिंत अजून नाही.

पण बोल्ट आरपारच घालायचा होता.
डोकं काचींकडे, नट पोंक्ष्यांकडे.
इकडून धरल्याशिवाय तिकडून आवळत नाही,
आणि मी शिडीवर,
दोन्ही हात तुळईखालच्या पोलादी पट्टीला.

काचीबाईंनी पदर खोचून पाना घेतला.
पलीकडे पोंक्षे वाकल्याचं कण्हणं ऐकू आलं.
मग दुसऱ्या, रिकाम्या भोकातून आवाज:
"धरलंय का?"
"धरलंय. फिरवा."
"सुटेल हां."
"नाही सुटत."

तुळई एकदा करकरली, गप्प झाली.

असे अकरा बोल्ट.
बारावा मी एकट्यानं बसवला,
तोवर दोघांना आठवलं होतं.
मंगळवारी तारीख आहे म्हणे.

बिलं दोन केली, निम्मी निम्मी.
एक वॉशर जास्तीचा लागला,
तो कुणाच्याच नावावर लिहिला नाही.