नाव उपलब्ध आहे

ओजसने वहीच्या मधोमध रेघ मारली.
डावीकडे जुनी, उजवीकडे नवी.
आत्या, तूच ठरव, म्हणाला
आणि रामबागेतल्या आमच्या गॅलरीत
पेन्सिल कानावर ठेवून बसला, कारकुनासारखा.

नवीत नकाशा चौपट.
नवीत नदी पात्र बदलते, घोडा मालकाला ओळखतो,
बर्फावर उमटलेली पावलं दुसऱ्या दिवशीही दिसतात.
जुनीत घोडा म्हणजे नुसता वेग,
भिंतीत शिरतो, शेपटी बाहेर राहते.

मी म्हटलं, लिही. जुनी या लॅपटॉपवर चालते,
ज्याच्या डब्ल्यूच्या कळीवरचं अक्षर
तेरा वर्षं पुढे चालून चालून गेलं.
नवीला लागणाऱ्या कार्डाचा भाव जेलरोडवर विचारून आले,
बासष्ट हजार.
दुकानदार म्हणाला, दीदी, बच्चे के लिए?
हो म्हटलं.

लिही, नवीच्या ट्रेलरमध्ये डोंगर आहेत,
सगळेच्या सगळे दूर.
दुरून कुठला डोंगर साजरा नसतो रे?
आणि जुनीत पुलाखाली एक कोळी आहे,
तेरा वर्षं एकच वाक्य बोलतो,
आज गळाला काही नाही.
मार्च अखेरीला सांवेर रोडच्या फॅक्टरीत
शेवेच्या पाकिटांचा हिशेब जुळत नाही,
तेव्हा रात्री घरी येऊन मी त्याच्या शेजारी नुसती उभी राहते.
हे कुठल्या रकान्यात टाकशील?

ओजसने ते लिहिलं नाही.

गुरुवारी रात्री दहाला आम्ही पंचवीस जमायचो.
आता सहा.
खरगोनचा इमरान ढाल घेऊन पुढे,
त्याचं नाव ढालगज, मीच दिलेलं, अर्थ विचारू नको म्हटलं.
ग्वाल्हेरच्या शितोळेबाई, बँकेतून निवृत्त, धनुष्य.
देवासचा लोकेंद्र, नेट गेलं की जागच्या जागी पळत राहतो.
भोपाळची जुळी भावंडं, दोघांत एक हेडफोन.
आणि मी, जखमा भरणारी, म्हणून सर्वांत शेवटी मरणारी.
सहा जणांत तो ड्रॅगन मरत नाही.
सगळे म्हणतात, नवी आली की जाऊ.
सगळे म्हणतात, तू गेलीस तर.

परवा नवीच्या चाचणीचं निमंत्रण आलं,
मला एकटीला.
रविवारी फॅक्टरीत,
पाकिटांवर मिरच्या काढणाऱ्या मुलाच्या मशीनवर उघडली.
आधी नाव विचारलं.
जुनीत मी शलाका_४७,
सेहेचाळीस जणी माझ्या आधी पोचलेल्या.
इथे नुसतं शलाका लिहिलं.
हिरवी अक्षरं आली,
नाव उपलब्ध आहे.

मग डोंगर पाहायचे राहूनच गेले.
एका खात्यात सहा पात्रांची सोय होती.
दुसऱ्या जागी ढालगज भरला, नाक अंदाजाने.
शितोळेबाईंसाठी पांढऱ्या केसांच्या नऊ छटा होत्या,
त्यातली एक अगदी तीच.
लोकेंद्र. जुळी.
सहाही जागा संपल्या.

बाबा सरवटे स्टँडवर असंच करायचे.
खंडव्याची गाडी थांबायच्या आत
खिडकीतून रुमाल, टोपी, माझी पाण्याची बाटली,
दादाची एक चप्पल.

खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं,
चाचणी संपल्यावर सर्व पात्रं पुसली जातील.
वाचलं मी. पण आधी भरलं, मग वाचलं.
रुमालाचा तरी काय भरवसा होता?
एकदा एक गृहस्थ दादाच्या चपलेवरच बसले
ते बडवाहपर्यंत उठले नाहीत.

मग जिंकलं कोण? ओजस विचारतो.
आज गुरुवार. दहाला पाच कमी.
इमरान आलाय, पुलावर उड्या मारतोय उगाच.
कोळी सांगतोय त्याला, गळाला काही नाही.

बघायचं तर बघ, मी म्हटलं,
त्या खुर्चीवरची वही काढ
आणि बस.