पहिली ब

जूनमध्ये सिस्टर ल्युसिनांनी हॉलभर पालकांना सांगितलं:
वर्षअखेर मूल वाचेल, शंभरापर्यंत लिहील,
बुटाची नाडी स्वतः बांधेल.
मी शेवटच्या बाकावर, कानात अजून मागाची खडखड.
इंग्रजी किती येईल, एवढंच विचारायचं होतं.
विचारलं नाही.

ऑगस्टात विनीलाने जेवणाआधी डोळे मिटले,
कडक भाकरीला, शेंगाचटणीला थँक्यू म्हणाली,
एक डोळा उघडून, "नान्ना, तूपण."
तिच्या आईने तेलुगूत विचारलं, हे कोणाला?
"ज्यानं दिलं त्याला."
मग थांबून, "आणि तुला."

नाताळच्या गव्हाणीसाठी टॉवेल हवा होता.
मी बाद मालातला दिला, काठाचा धागा सुटलेला.
बघायला गेलो, तर बाळ त्यावरच निजलेलं.

जानेवारीत गड्ड्याच्या पाळण्यात, अगदी वर,
माझं मनगट आवळून ती शाळेचीच प्रार्थना पुटपुटली,
शेवटी सिद्धेश्वराचं नाव जोडून.

एप्रिल. बेचाळीस अंश.
गणित ब. इंग्रजीसुद्धा ब.
शेरा: 'फार बोलते. वाटून खाते.'
नाडी मात्र अजून मीच बांधतो.
गाठ मारणं हा आमचा धंदाच,
सिस्टर, पुढच्या जूनपर्यंत
तेवढं राहू दे.